राहिलेले एकोणतीस भाग

आई गेली त्या सकाळी टीव्ही मी झाकला. मिरजेच्या दवाखान्यातून तिला घेऊन गाडी यायची होती, आणि मी व काकू पुढे येऊन दारालगतचा सोपा मोकळा करत होतो. काकू म्हणजे आप्पांच्या, माझ्या वडिलांच्या, धाकट्या चुलतभावाची बायको. तिचं घर आमच्या घराला लागूनच, मधली भिंत एकच. खाट बाहेर काढता काढता ती म्हणाली, "टीव्ही झाक गं. तेरा दिवस." कपाटातून हाताला लागली ती जाड सोलापुरी चादर मी घेतली, दुहेरी केली आणि टीव्हीवर, खालच्या फळीवर, फळीवरच्या डब्यावर अशी सोडली की काहीच दिसू नये. कोपरे नीट खोचले. त्या दिवशी माझ्या हातून नीट झालेलं तेवढं एकच काम, असं मला पुढे बरेच दिवस वाटत होतं.

तो डबा मीच तिला घेऊन दिला होता. मी साताऱ्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आईवडील विट्याजवळच्या आमच्या गावात असायचे. आईची एक मालिका होती, ती संध्याकाळी साडेसहाला लागायची, आणि साडेसहा ही तिची धार काढायची वेळ. म्हशीला मालिकेचं सांगून उपयोग नाही, असं ती म्हणायची. म्हणून हा रेकॉर्ड करणारा डबा आणला. त्याच्या आत संगणकात असते तशी हार्ड डिस्क असते. एकदा मालिका नेमून दिली की रोजचा भाग तो आपोआप साठवतो, टीव्ही बंद असला तरी. दुसऱ्या दिवशी दोनला जेवणं झाली की आई आदल्या संध्याकाळचा भाग लावायची आणि तो संपला की पुसून टाकायची. भांडं वापरून झालं की घासून पालथं घालावं, तसं. त्यामुळे यादीत जे दिसेल ते तिचं बघायचं राहिलेलं, एवढं नक्की असायचं. आप्पा त्या वेळी मळ्यात असत. त्यांनी ती मालिका कधी पाहिली नव्हती.

दवाखान्यात ती तीन आठवडे होती. त्या काळात रविवार सोडून रोज एक, असे अठरा भाग साठले. आप्पा गावाकडून जेवणाचा डबा घेऊन आले की ती जेवणाआधी एकच विचारायची.

"रेकॉर्ड व्हतंय न्हवं?"

"व्हतंय," आप्पा म्हणायचे. "हिरवा दिवा लागलाय."

"मग ऱ्हाऊ द्या. आल्यावर बघीन."

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्या माणसाच्या मनात काही उरलं नाही असं आमच्याकडे धरतात. शिवेना, तर काय उरलं असेल ते ओळखून जवळच्या कुणीतरी शब्द द्यायचा. माझा भाऊ तिकडे दक्षिणेत सोनं गाळायचं दुकान चालवतो, तो त्यासाठी आला होता. त्याने हात जोडून बहिणीला अंतर देणार नाही म्हणून सांगितलं. मामा म्हणाले, म्हशी विकणार नाही. कावळा बाभळीवर बसून राहिला. ऊन वाढायला लागलं, माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागली. तेव्हा आप्पा पुढे झाले. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. ताठ उभे राहून ते म्हणाले, "तुजी मालिका ऱ्हायलीया. मी बघून पुरी करतो. सगळी."

कुणीतरी टॉवेलात तोंड लपवलं. पण कावळा उतरला. माणसं मागे सरली म्हणून उतरला असेल, हे मला कळतं. आप्पांनी मात्र तो दिलेला शब्द मानला, आणि दिलेला शब्द म्हणजे काय हे त्यांच्या बाबतीत मला लहानपणापासून ठाऊक आहे.

चौदाव्या दिवशी मी चादर काढली. आत हात गेला तर टोपल्यातल्या भाकरीखाली असते तशी ऊब लागली. डब्याचा हिरवा दिवा चालू होता. मी बटण बंद केलं होतं ते टीव्हीचं. डब्याची वायर मागून इन्व्हर्टरच्या पिनेला होती, तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. मार्चच्या उन्हाळ्यात तेरा दिवस, दुहेरी चादरीखाली, त्याने आईसाठी आणखी अकरा भाग साठवले होते. अकराव्यानंतर काही नव्हतं, कारण मालिकाच संपली होती. चॅनेल छोटं होतं, ते बंद पडायच्या बेतात होतं, म्हणून त्यांनी मालिका घाईने गुंडाळली. पुढे महिन्याभरात चॅनेलही गेलं आणि मोबाइलवर जे काही दिसायचं तेही गेलं. म्हणजे अठरा आणि अकरा, एकोणतीस. ते आता फक्त आमच्या घरातल्या त्या काळ्या डब्यात होते.

चादर मी घडी करून ठेवली. उबेबद्दल कुणाला बोलले नाही.

पहिलं मासिक श्राद्ध झाल्यावर आप्पांनी सुरुवात केली. सकाळी सातला अंघोळ करून, टोपी घालून ते खुर्चीत बसत. रिमोटची चार बटणं मी त्यांना कागदावर काढून दिली होती. दिवसाला एक भाग; ती तसंच बघायची, म्हणून. मी साताऱ्याहून फोन केला की ते आकडा सांगत. "आज नववा." कथेबद्दल काही नाही. बाराव्या भागानंतर मात्र ते म्हणाले, "ती खानावळ चालवती, तिचा नवरा गेलाय न्हवं घर सोडून, त्यो काय येत न्हाई बघ. मला न्हाई वाटत."

सोळाव्या भागाला चित्र थांबलं.

त्यांनी ते फोनवर असं सांगितलं, "समद्यांच्या तोंडाचं चौकोन झालं, आन् थांबलं." मे महिना होता, कॉलेजला सुट्टी होती. मी दुसऱ्याच दिवशीची एसटी धरली.

मी या कामातली नाही. पण पुस्तक हरवलं की ते आधी कुठे नाही हे ठरवत जायचं, ही सवय तीस वर्षांची आहे. मी वहीत एकेक लिहून तपासायला घेतलं. चालू चॅनेल स्वच्छ दिसत होते, म्हणजे छतावरच्या डिशचा दोष नाही. टीव्हीला जाणारी वायर बदलली, फरक नाही. डब्याचा अडॅप्टर हाताला चटका बसेल इतका तापत होता. विट्याहून नवा आणला, आधी बघून झालेले भाग लावून पाहिले, आणि दोन दिवस ते सुरळीत चालले. त्या दोन दिवसांत मला इतकं हलकं वाटलं की मी आईच्या साड्या लावायला घेतल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा चौकोन. मग लक्षात आलं की वीज गेली आणि इन्व्हर्टरवर आली की त्या क्षणाला डबा बंद होऊन परत चालू होतो. म्हणून पिन बदलली. मागच्या जाळीतली धूळ जुन्या दात घासायच्या ब्रशने काढली. धूळ कसली, चादरीचे धागे होते. बारीक, लाल.

आणि मग तो आवाज ऐकू आला. डब्याला कान लावल्यावर आतून एक टक्. मग काही नाही. पुन्हा टक्, टक्. एखाद्याने बंद दारावर बोटाच्या पेराने वाजवावं आणि आतून कुणी येत नाही म्हणून थोडं थांबावं, तसा. तो एकदा ऐकला आणि नंतर मला दुसरं काही ऐकूच येईना. सोळावा पुरा झाल्याशिवाय सतरावा नाही, म्हणून आप्पा रोज तोच पहिल्यापासून लावून पडद्याकडे बघायचे आणि मी फळीजवळ जमिनीवर बसून त्या टक्ची वाट बघायचे. पडद्यावर काय चाललंय हे मला एकाही दिवशी सांगता आलं नसतं.

भावाला फोन केला. "ताई, नवा डबा घेऊन टाक की," तो म्हणाला. मी सांगितलं, जुन्यातलं नव्यात जात नाही. "मग ती डिस्क पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेव. इथं एकानं ठेवली होती."

"आणि मग?"

"मग काय, खराब झाली. पण त्याची आधीच झाली होती."

मिरजेला एक दुरुस्तीवाले होते, त्यांच्याकडे गेले. तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीला लागून त्यांचं छोटं दुकान. शेजारी कुणीतरी तंबोऱ्याची एकच तार लावून बघत होतं, सोडत होतं, पुन्हा लावत होतं. हे गृहस्थ पन्नाशीचे, नाकावर चष्मा. त्यांनी डबा उघडला, डिस्क काढून आपल्या यंत्राला जोडली आणि आधी पडद्याकडे न बघता ती कानाजवळ धरली.

"कधीपासून?"

"पंधरा दिवस."

"तापली होती?"

मी हो म्हटलं. कशामुळे ते सांगितलं नाही.

"संगणक म्हणतोय, ही कोरी करू का," ते म्हणाले. "त्याला हिची भाषाच कळत नाही. हो म्हटलं की गेलं सगळं. घरी कुठं जोडून हो म्हटलं नाही ना?"

"नाही."

"शहाण्या आहात." मग त्यांनी तपासणी लावली. बरेच लाल आकडे आले. माझ्यासमोरच त्यांनी एका नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचा प्रयत्न सुरू केला. चार तास मी तिथल्या बाकावर बसून होते. जेवढं उतरलं ते डब्यात घालून बघितलं, तर डबा नव्या डिस्कला ओळख दाखवेना. "यांचं असंच असतंय मॅडम," ते म्हणाले. "त्या डब्याचं त्याच डिस्कशी लग्न. दुसरी आणली की म्हणतो, आधी रिकामी होऊन ये. आहे काय एवढं हिच्यावर?"

"मालिका. आईची."

"मग आईंना म्हणावं, पटापट बघून घ्या."

मी वर न बघता पिशवीतून वही काढली. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, आणि मग डिस्क परत बसवताना प्रत्येक स्क्रू हळू फिरवला. निघताना त्यांनी नियम सांगितले ते मी वहीत लिहून घेतले. डिशची वायर काढून ठेवायची, कारण ती असली की डबा चालू चॅनेल सारखं डिस्कवर लिहीत राहतो. फक्त आठवड्यातून एकदा थोडा वेळ जोडायची, नाहीतर डब्यातलं डिशचं कार्ड बंद पडून जुने भागही उघडत नाहीत. मालिका सकाळच्या गारव्यात लावायची. पंखा सोडायचा. एक भाग झाला की निदान तासभर थांबायचं. जे तापलेलं असताना लिहिलं गेलंय तिथे जास्त त्रास देईल. "आणि शेवटचं आधी बघून घ्या," ते म्हणाले. "ही किती दिवस चालेल ते मी सांगू शकत नाही."

हे मी आप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"शेवटचं आदी कसं बघायचं?" ते म्हणाले.

"निदान रोज दोन तरी बघू. एक सकाळी, एक संध्याकाळी."

"एका दिवसाला एक."

"आप्पा, डिस्क बंद पडली तर एकही दिसणार नाही."

"पडंल तवा पडंल. तू म्हनतीस म्हणून मी पळत बघू व्हय?"

टेबलफॅन मात्र त्यांनी स्वतः आणून डब्यासमोर ठेवला. सोळावा तुटक तुटक पुरा झाला. मग सतरा, अठरा, एकोणीस, वीस. एकोणिसावा हा चादरीखालचा पहिला. त्यात चित्र पाच वेळा थांबलं. प्रत्येक वेळी मी उठून उभी राहायचे आणि आप्पा हाताने खूण करायचे, खाली बस. ते थांबलेल्या चित्राकडे शांतपणे बघत राहायचे, जणू रस्त्यात जनावरं आडवी आली आहेत, निघून जातील. माझं तसं होत नव्हतं. घरात कुठेही असले तरी फळीकडे कान असायचा. वाचायला आणलेल्या पुस्तकाचं एकच पान मी तीन दिवस उघडून बसत होते. दुपारी उठून उगाच डब्यावर हात ठेवून बघायचे, तापलाय का; तो बंदच असायचा.

विसावा झाला त्या दिवशी आप्पा पेन्शनच्या कामाला विट्याला गेले. दुपारपर्यंत येणार नव्हते. ते कोपऱ्यावरून वळले आणि मी दार लोटून घेतलं.

मला फोनवर उतरवून घ्यायचं होतं. स्टुलावर पुस्तकांची चळत रचून, तिला टेकवून फोन टीव्हीकडे तोंड करून ठेवला, आणि शेवटचा भाग लावला, एकोणतिसावा. आप्पांना रोज एक बघू दे क्रमाने. पण कुठेतरी सगळे असावेत, एवढंच मनात होतं. तो भाग पूर्ण चालला. मध्ये टक् झालं, पण चाललं. बावीस मिनिटांनी तो संपला तेव्हा दहा वाजायचे होते आणि पत्रा तापायला लागला होता. तासभर थांबायचं होतं. मी दहा मिनिटं थांबले. तीही उभ्याने. मग अठ्ठाविसावा लावला.

अर्ध्यावर पडदा थांबला. टक्, टक्, टक्. यावेळी मध्ये थांबणं नव्हतं. मग डबा स्वतःच बंद झाला, चालू झाला, आणि पडद्यावर निळ्यावर पांढरी ओळ आली की डिस्क सापडत नाही. मी पिन काढली, घातली. अर्धा तास थांबून घातली. पंखा जवळ आणला, लांब नेला. दुसऱ्या पिनेला लावलं. वहीतलं सगळं पहिल्यापासून केलं. टक् येणंही बंद झालं होतं. ज्या आवाजाला मी पंधरा दिवस भीत होते, तो ऐकू यावा म्हणून मी त्या डब्याला कान लावून फरशीवर पडून राहिले.

आप्पा आले तेव्हा पुस्तकांची चळत तशीच होती. मी सगळं सांगितलं. आजचं सांगितलं, आणि सांगत असताना थांबता येईना म्हणून चादरीचंही सांगितलं: डब्यावर मीच घातली, दुहेरी, कोपरे खोचून, आत चालू होता, त्यामुळेच डिस्क गेली.

आप्पांनी टोपी काढून खुंटीला लावली. पाणी प्यायले.

"तेरा दिवस झाकायलाच पायजे हुतं," ते म्हणाले. "त्यात तुजं काय न्हाई." थोड्या वेळाने म्हणाले, "आज मला सांगून लावायचं हुतंस."

एवढंच. जेवताना त्यांनी विचारलं, "किती ऱ्हायलं?"

"नऊ. त्यातला शेवटचा फोनमध्ये पुरा आहे. त्याच्या आधीचा अर्धा."

ते सातला अंघोळ करून, टोपी घालून खुर्चीत बसायचे ते दुसऱ्या दिवशीही बसले. टीव्ही लावला नाही. तिसऱ्या दिवशीही बसले. मी सातला स्वयंपाकघरातून बाहेर येईनाशी झाले.

मग काकूला विचारलं. ती तीच मालिका बघते हे मला माहीत होतं. पण राहिलेले सगळे भाग सुतकातले, आणि भावकी म्हणून सुतक तिच्या घरालाही होतं.

"मी कुठनं बघणार?" ती म्हणाली. "आमचाबी टीव्ही बंद हुता की."

संध्याकाळी ती शेवग्याच्या शेंगा घेऊन आली, आणि शेंगा खाली ठेवल्यावरही गेली नाही. "येक सांगू का," ती हळू आवाजात म्हणाली. "बघितलंय मी. दार लोटून. आवाज मातूर पार बंद केलावता. इतकी वर्सं बघितलं, आन् शेवटाला कसं सोडायचं? पाप लागायचं ते मला लागू दे. तुज्या आप्पांना बोलू नगंस."

पण आप्पांना न बोलता ते सांगणार कसं? मी रात्रभर विचार केला आणि सकाळी सातला त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन सांगितलं. 

"सुतकात?"

"आवाज बंद करून, म्हणते."

त्यांनी त्यावर विचार केला. "आवाज बंद असंल तर चालतंय," ते म्हणाले. "बलीव तिला."

आता एक अडचण होती, आणि ती आमच्याकडच्या माणसालाच अडचण वाटेल. काकू धाकट्या भावाची बायको, आप्पा तिचे थोरले दीर. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी समोरासमोर एक वाक्य बोललेली नव्हती. ते सोप्यात असले की ती मागच्या परड्याच्या दाराने यायची. तेव्हा असं ठरलं की दुपारी जेवणं झाल्यावर ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत बसेल, डोक्यावर पदर घेऊन, तोंड माझ्याकडे करून. आप्पा बाहेर खुर्चीत. आणि ती मला सांगेल.

"तर मग ती पेटी भरती," काकू मला म्हणाली. "लाल पेटी. तुज्या आप्पांना सांग."

आप्पा चार हातांवर होते. "आप्पा, ती पेटी भरते," मी सांगितलं.

"ऐकलं. कशापायी भरती? तिला इचार."

"आता कशापायी ते कसं कळंल? आवाज न्हवता. पर रागात भरती. साड्या अशा कोंबती बघ."

"खानावळ कुनाच्या गळ्यात घालून चालली मग?"

"आप्पा विचारतात, खानावळ कोण बघणार?"

"जाऊबाई हाय की. त्यांना म्हणावं, जाऊबाईचं सोळाव्या भागातच आलंया, चित्र थांबलं तवा चुकलं असंल."

तीन दुपारी असं चाललं. दुसऱ्या दिवशी मी सांगायचं विसरून नुसती ऐकत बसले, तर दोघंही माझ्याकडे बघत थांबले. काकू कुठे कुठे अडायची. एक चिठ्ठी होती, ती तीन भाग या हातातून त्या हातात फिरली, आणि तीत काय आहे ते काकूला काही सांगता येईना. आप्पांना ते सहन होत नव्हतं. "तोंड बघून कळत न्हाई व्हय? चांगली बातमी का वंगाळ?" काकू मला म्हणाली, "त्यांना म्हणावं, मालिकेत चिठ्ठी वाचली की समद्यांचं तोंड येकसारखंच हुतं." आप्पा खाकरले. ते हसले असावेत. मी वळून बघेपर्यंत ते राहिलं नव्हतं. मी मात्र प्रत्येक वाक्याला घाबरत होते, की काकू म्हणेल, एवढंच आठवतंय, पुढचं गेलं.

अठ्ठाविसावाही, फोनमध्ये अर्धा असला तरी, काकूनेच पुरा सांगितला. मग मी फोन आणून स्टुलावर पितळी तांब्याला टेकवून ठेवला. आप्पांनी खुर्ची पुढे घेतली. काकू उंबऱ्यातच होती, पण मान बाहेर काढून. चित्र बोटभर, त्यावर पंख्याची घरघर. शेवटी तो नवरा दारात उभा राहतो, ती बाई त्याला गिऱ्हाईक समजून ताट वाढते, मग वर बघते, आणि तिथेच संपतं. कुणाला काय वाटलं, कोण काय म्हणालं, काही नाही.

"झालं?" आप्पांनी विचारलं.

"झालं."

त्यांनी फोन उचलून मला दिला. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. "एकवीस बघितलं. आठ ऐकलं," ते म्हणाले. "मी बघतो म्हनलोवतो."

 ऐकणं काय आणि बघणं काय, शब्द देताना तुम्हाला डिस्कचं माहीत नव्हतं, असं बरंच काही मी तीन दिवस मनात जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आप्पांसमोर उभं राहिलं नसतं. ते आता उद्या सकाळी सातला पुन्हा त्या खुर्चीत बसतील आणि परवाही बसतील, एवढंच मला दिसत होतं.

"त्यांना म्हणावं," काकू मला म्हणाली, आणि थांबली. पदर पुढे ओढला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आवं भावजी, ती तरी कुठं बघत हुती?"

आप्पांनी मान वळवली.

"दोनाला जेवान झालं की लावायची, आन् गाणं सपायच्या आत भितीला टेकून झोपायची. मी ताक न्यायला यायची की रोज. टीव्ही बोलतोय आन् ही घोरतीया. पहाटं चारला उठल्याली असायची ती. सपलं की जागी व्हायची, आन् मला म्हणायची, काय झालं गं आज? मी आदल्या सांजंलाच बघितल्यालं असायचं. मी हितं बसून सांगायची, मग ती पुसून टाकायची."

"रोज?" आप्पांनी थेट तिलाच विचारलं.

"रोज न्हाई. पावनं असलं की जागी असायची."

आप्पा त्या भिंतीकडे बघत होते. आई जिथे टेकायची तिथे डोक्याच्या तेलाचा एक डाग आहे, हे मी इतक्या दिवसांत पाहिलं नव्हतं.

"मला कवा बोलली न्हाई," ते म्हणाले.

"तुमी कवा इचारलं?"

ते बोलून झाल्यावर काकूच दचकली आणि उठायला लागली. आप्पा म्हणाले, "बस की. उन्हाची कुठं चाललीस." आणि थोड्या वेळाने, "मग झालं म्हणायचं?"

"झालं की," काकू म्हणाली.

त्यांनी टोपी घातली आणि उसाला पाणी सोडायला मळ्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी चहा घेऊन बाहेर आले तर खुर्ची रिकामी होती आणि गोठ्यातून बादलीचा आवाज येत होता.